विममध्ये पेस्ट केलेला कोड उजवीकडे का घसरतो, आणि ऑटो-इंडेंट ताब्यात कसं ठेवायचं

विचारलेलं थोडक्यात असं: एसएसएचने सर्व्हरवर जाऊन विम या टर्मिनलमधल्या एडिटरमध्ये पायथन कोड पेस्ट केला की प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा आणखी आत सरकते. विमआरसीमध्ये (विमच्या सेटिंगांची फाइल) «सेट नोऑटोइंडेंट» लिहिलं, तरी फरक पडला नाही. कॉन्फिग फाइलमध्ये # टाइप केलं की ते थेट पहिल्या रकान्यात जाऊन बसतं. यामल या स्वरूपाच्या फाइलमध्ये कोलन दाबला की चालू ओळच हलते. मग ऑटो-इंडेंट, म्हणजे ओळी आपोआप आत सरकवणं, कायमचं बंद कसं करायचं?

बंद करता येतं, ते खाली सांगितलं आहे. पण आधी हे बघा की या तीन तक्रारींची कारणं तीन वेगळी आहेत. विममध्ये ऑटो-इंडेंट नावाचं एकच बटण नाही. इंडेंट ठरवणाऱ्या चार वेगळ्या यंत्रणा आहेत, आणि त्यातली कोणती आत्ता काम करते आहे हे न पाहता हाताला लागेल ती बंद केली, तर चालू असलेली तशीच राहते. तुमच्या «नोऑटोइंडेंट»चं नेमकं हेच झालं आहे.

एक सूचना: पुढे सगळ्या आज्ञा आणि सेटिंगांची नावं देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्षात विमची नावं इंग्रजी लहान अक्षरांत, एका नावाच्या मध्ये जागा न सोडता टाइप करायची; व्हीएस कोडच्या नावांत मधली काही अक्षरं मोठी असतात.

चार यंत्रणा, आणि त्यांच्यात कोण वरचढ

सगळ्यात साधी ऑटोइंडेंट. ती जुन्या व्हीआयपासून चालत आलेली आहे. एंटर दाबला, किंवा ओ या आज्ञेने नवी ओळ उघडली, की आधीच्या ओळीच्या सुरुवातीला जेवढी मोकळी जागा असेल तेवढी ती नव्या ओळीला देते. कोडची भाषा तिला कळत नाही. नव्या ओळीवर काहीच न लिहिता एस्केप दाबलं, तर दिलेली जागा ती परत काढूनही घेते.

दुसरी स्मार्टइंडेंट. महिरपी कंस उघडला की एक पायरी आत, मिटला की एक पायरी बाहेर, एवढं तिला कळतं. ती सीसारख्या भाषांपुरती बेतलेली आहे. तिसरी सीइंडेंट, म्हणजे सी भाषेचे पूर्ण नियम. चौथी इंडेंटएक्सप्र, ज्यातलं «एक्सप्र» ई-एक्स-पी-आर असं लिहायचं. यात प्रत्येक भाषेसाठी एक फंक्शन असतं आणि दर नव्या ओळीला विम ते चालवून किती आत जायचं हे विचारतो. पायथन, यामल, एचटीएमएल, शेल, सगळ्यांची अशी फंक्शनं विमसोबतच येतात, आणि «फाइलटाइप प्लगइन इंडेंट ऑन» या ओळीने ती लागू होतात.

इंडेंटएक्सप्र भरलेलं असेल तर सीइंडेंट आणि स्मार्टइंडेंट दोन्ही गप्प बसतात. सीइंडेंट चालू असेल तर स्मार्टइंडेंट गप्प. ऑटोइंडेंट मात्र या सगळ्यांच्या खाली आधार म्हणून असते: इंडेंटएक्सप्रच्या फंक्शनने «मला काही म्हणायचं नाही» या अर्थाचं उणे एक परत दिलं, की आधीच्या ओळीची जागा जशीच्या तशी घेतली जाते.

पायथनचं फंक्शन हे उणे एक वारंवार देतं. साध्या ओळीनंतर त्याला काही सांगायचं नसतं; ते बोलतं ते कोलननंतर, रिटर्न, पास, ब्रेक, कंटिन्यू, रेज यांच्यानंतर आणि कंस उघडा असताना. म्हणून विमसोबत येणारी पायथनची इंडेंट फाइल स्वतःच «सेटलोकल ऑटोइंडेंट» करते. तिच्याशिवाय इंडेंटएक्सप्रचा फारसा उपयोग नाही, अशी टीपही त्या ओळीशेजारी आहे. आता क्रम बघा. तुमची विमआरसी आधी वाचली जाते, तिथे ऑटोइंडेंट बंद होतं. पायथन फाइल त्यानंतर उघडते, तिची इंडेंट फाइल त्या बफरपुरतं (उघडलेल्या फाइलपुरतं) ते पुन्हा चालू करते. शेवटी बोलला त्याचं खरं.

हे अंदाजाने शोधत बसू नका, विमलाच विचारा. गडबड होत असलेल्या फाइलमध्येच ही आज्ञा द्या:

:व्हर्बोज सेटलोकल ऑटोइंडेंट? स्मार्टइंडेंट? सीइंडेंट? इंडेंटएक्सप्र? इंडेंटकीज?

प्रत्येक सेटिंगची आत्ताची किंमत दिसते आणि तिच्याखाली «लास्ट सेट फ्रॉम» असं लिहून ती शेवटी कोणत्या फाइलने लावली तेही दिसतं. तिथे तुमची विमआरसी दिसली तर दुरुस्ती तिथे करायची. विमच्या मूळ फोल्डरमधली इंडेंट/पायथन फाइल दिसली, तर विमआरसीत कितीही «नो» लावून उपयोग नाही.

पेस्टची घसरण

हा भाग नीट समजून घेतला पाहिजे, कारण यात इंडेंट करणाऱ्या यंत्रणेची चूक नसते. टर्मिनलमध्ये चालणाऱ्या विमला, दुसरी काही सोय नसेल तर, पेस्ट म्हणजे काय ते कळतच नाही. टर्मिनल क्लिपबोर्डमधला मजकूर एकेक अक्षर करून पाठवतं. कोणीतरी प्रचंड वेगाने टाइप करतं आहे, असं विमला वाटतं. ओळ संपल्याचं चिन्ह आलं की तो एंटर समजून ऑटोइंडेंट लावतो, आणि मग त्या ओळीच्या स्वतःच्या स्पेस येतात त्या त्यावर आणखी चढतात.

समजा पाच ओळी आहेत आणि मूळ कोडमध्ये त्यांच्यासमोर अनुक्रमे ०, ४, ८, ८ आणि ४ स्पेस आहेत. फक्त ऑटोइंडेंट चालू आहे. पहिली ओळ शून्यावर बसते. दुसरी ०+४, म्हणजे चारवर, बरोबर. तिसरीला दुसरीचे ४ मिळतात आणि तिचे स्वतःचे ८ येतात, म्हणजे १२. चौथी १२+८, म्हणजे २०. पाचवी खरं तर बाहेर यायला हवी, पण २०+४ होऊन २४ वर जाते. मूळ कोडमध्ये मागे येणारी ओळही इथे पुढेच जाते, कारण बेरीज फक्त वाढतच राहते. पायथनच्या फाइलमध्ये यावर कोलननंतरची एक पायरी मिळवली जाते आणि रिटर्ननंतरची एक वजा होते, त्यामुळे तिथली घसरण एवढी नियमितही नसते आणि हाताने सरळ करणं आणखी जिकिरीचं होतं.

असं झालं तर सर्वात आधी एस्केप आणि यू. एका इन्सर्टमध्ये (टाइप करायच्या मोडमध्ये) आलेला सगळा मजकूर साधारणपणे एकाच अनडूमध्ये निघून जातो. घसरलेला पायथन कोड आपोआप सरळ करण्याच्या फंदात पडू नका. सी किंवा जेसनमध्ये कंस शाबूत असतात, त्यामुळे सगळी फाइल नव्याने इंडेंट करणारी आज्ञा (जीजी, मग = चिन्ह, मग मोठा जी) काम करते. पायथनमध्ये इंडेंट हाच अर्थ असतो. एखादी ओळ लूपच्या आत होती की बाहेर, हे घसरलेल्या मजकुरातून कोणत्याही साधनाला खात्रीने सांगता येत नाही. ती आज्ञा दिल्यावर कोड दिसायला नीटनेटका होईल, चालेलही, आणि उत्तर चुकीचं देईल.

योग्य उपाय ब्रॅकेटेड पेस्ट. यात टर्मिनल पेस्टच्या सुरुवातीला आणि शेवटी एक खूण पाठवतं: एस्केप, चौकटी कंस, २००~ आणि शेवटी २०१~. त्या दोन खुणांमधला मजकूर टाइप केलेला नाही, हे विमला कळतं आणि तो इंडेंट न लावता जसाच्या तसा घेतो. विममध्ये ही सोय पॅच ८.०.०२१० पासून आहे आणि निओविममध्ये आपोआप चालते. तरीही घसरण होत असेल तर दोन जागा तपासा. सर्व्हरवरचा विम त्याहून जुना आहे का, हे «विम --व्हर्जन»च्या पहिल्या दोन ओळींत कळेल. आणि तुम्ही टीमक्स किंवा स्क्रीन (एका टर्मिनलमध्ये अनेक टर्मिनलं चालवणारे प्रोग्राम) यांच्या आत आहात का? तिथे टर्मिनलचं नाव «स्क्रीन»ने सुरू होतं, विमला हे एक्सटर्मच्या जातीचं टर्मिनल आहे हे ओळखता येत नाही आणि तो खुणा मागतच नाही. «:हेल्प एक्सटर्म-ब्रॅकेटेड-पेस्ट» उघडा. अशा टर्मिनलसाठी विमआरसीत टाकायच्या ओळी तिथे तयार दिल्या आहेत, त्या तशाच उतरवून घ्या. पेस्टच्या टोकांना २००~ आणि २०१~ ही अक्षरंच उमटलेली दिसली, तर प्रकार उलटा आहे: टर्मिनल खुणा पाठवतं आहे, पण समोरच्या प्रोग्रामला त्या कळत नाहीत.

विम बदलणं हातात नसेल तर जुना मार्ग:

:सेट पेस्ट

मग आयने इन्सर्टमध्ये जा, पेस्ट करा, एस्केप दाबा, आणि लगेच:

:सेट नोपेस्ट

इन्सर्टमध्ये जाणं विसरू नका. नॉर्मल मोडमध्ये पेस्ट केलं तर कोडमधलं प्रत्येक अक्षर आज्ञा म्हणून चालतं आणि फाइलची वाट लागते. «नोपेस्ट»ही विसरायचं नाही, आणि इथे बहुतेक लोक अडकतात. पेस्ट चालू असताना विम फक्त इंडेंट थांबवत नाही. एक्सपांडटॅब बंद होतं, सॉफ्टटॅबस्टॉप शून्य होतं, टेक्स्टविड्थ शून्य होते, इन्सर्ट मोडमधली मॅपिंग (कळांना नेमून दिलेली कामं) आणि संक्षेप चालत नाहीत. ते तसंच ठेवून पुढे कोड लिहीत राहिलात, तर टॅब दाबल्यावर चार स्पेसऐवजी खरा टॅब पडतो. पडद्यावर फारसं काही जाणवत नाही, आणि पायथन ३ फाइल चालवताना टॅबएरर देऊन थांबतं. पडद्याच्या तळाशी इन्सर्ट या शब्दाशेजारी कंसात «पेस्ट» दिसतंय का, याकडे डोळा ठेवा. याच कारणामुळे विमआरसीत «सेट पेस्ट» कायमचं लिहू नये. हा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिलेला आढळतो आणि तो चुकीचा आहे.

विम तुमच्याच मशीनवर चालत असेल तर टर्मिनलची पेस्ट वापरायचीच गरज नाही. नॉर्मल मोडमध्ये दुहेरी अवतरण चिन्ह, मग अधिक चिन्ह, मग पी दाबा. यात विम क्लिपबोर्ड स्वतः वाचतो, त्यामुळे टाइप केल्याचा भास होण्याचा प्रश्नच नाही. इन्सर्ट मोडमध्येच राहायचं असेल तर कंट्रोल-आर, कंट्रोल-ओ, अधिक चिन्ह. मधलं कंट्रोल-ओ सोडू नका: नुसतं कंट्रोल-आर मजकूर टाइप केल्यासारखाच घालतं, म्हणजे पुन्हा घसरण. कंट्रोल-ओऐवजी कंट्रोल-पी दिलं तर आलेला तुकडा आसपासच्या कोडप्रमाणे इंडेंट होऊन बसतो. नॉर्मल मोडमध्ये असंच काहीसं काम ]पी करतं: चालू ओळीच्या पातळीला आणून पेस्ट. एक फंक्शन उचलून दुसऱ्या क्लासमध्ये टाकताना याच्याइतकं सोयीचं काही नाही.

यासाठी विम क्लिपबोर्डच्या सोयीसह बांधलेला हवा. «विम --व्हर्जन»च्या यादीत क्लिपबोर्ड या शब्दाआधी अधिक आहे की उणे ते बघा. डेबियन आणि उबंटूवर साध्या विम पॅकेजमध्ये ही सोय नसते, विम-जीटीके३ मध्ये असते. आणि एसएसएचवर हा मार्ग सहसा चालत नाही, कारण तिथला विम सर्व्हरचा क्लिपबोर्ड शोधतो आणि तुमचा कोड लॅपटॉपच्या क्लिपबोर्डवर असतो.

अगदी जुनाट, काहीच सोय नसलेल्या मशीनवर आणखी एक खात्रीची युक्ती आहे. «:आर !कॅट» अशी आज्ञा द्या, पेस्ट करा, एंटर दाबून नव्या ओळीवर कंट्रोल-डी द्या. मजकूर कॅट या प्रोग्रामकडून फाइलमध्ये येतो. मध्ये इन्सर्ट मोड नाही, म्हणून इंडेंटही नाही.

# पहिल्या रकान्यात का जातं

हे काम स्मार्टइंडेंटचं. सी भाषेत # ने सुरू होणाऱ्या ओळी, इन्क्लूड आणि डिफाइन वगैरे, पहिल्या रकान्यात लिहायची रीत होती. ती पाळण्यासाठी नव्या ओळीवर पहिलं अक्षर # आलं की स्मार्टइंडेंट त्या ओळीचं इंडेंट काढून टाकते आणि पुढच्या ओळीला परत देते. शेल, पायथन आणि कॉन्फिग फाइलींत # म्हणजे कॉमेंट, तिथे ही रीत निव्वळ त्रास होते. त्याच सेटिंगमुळे >> ही आज्ञाही # ने सुरू होणारी ओळ आत सरकवत नाही. त्यामुळे निवडलेला सगळा भाग सरकतो आणि कॉमेंट तेवढ्या मागे राहतात.

पायथन फाइलमध्ये इंडेंटएक्सप्र वरचढ असतं म्हणून तिथे हे जाणवलं नसेल. बऱ्याच कॉन्फिग फाइलींना इंडेंटचं वेगळं फंक्शन नसतं, तिथे स्मार्टइंडेंटला मोकळं रान मिळतं. उपाय एका ओळीचा: विमआरसीतली «सेट स्मार्टइंडेंट» काढून टाका आणि तिथे «सेट ऑटोइंडेंट» लिहा. # साठी वेगळं मॅपिंग लिहून ही उडी अडवण्याची जुनी युक्ती आहे, पण मुळात नको असलेली यंत्रणा चालू ठेवून तिच्यावर ठिगळ लावण्यात काही अर्थ नाही. भाषेप्रमाणे इंडेंट «फाइलटाइप प्लगइन इंडेंट ऑन»ने मिळतं, बाकी फाइलींना साधं ऑटोइंडेंट पुरतं. स्मार्टइंडेंटला आज विमआरसीत जागा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

यामलमध्ये ओळ का हलते

इंडेंटएक्सप्रचं फंक्शन फक्त नव्या ओळीला चालतं असं नाही. इंडेंटकीज या सेटिंगमध्ये अक्षरांची यादी असते, आणि त्यातलं एखादं दाबलं की विम चालू ओळीचं इंडेंट पुन्हा ठरवतो. यामलच्या यादीत कोलन आहे आणि ओळीच्या सुरुवातीचं # आहे. तुम्ही ओळ मुद्दाम दोन पायऱ्या मागे आणता, कीचं नाव लिहिता, कोलन दाबता, आणि ती ओळ जागेवरून उडते. यामलमध्ये कोणती की कोणाच्या पोटात आहे हे तुमच्या मनात असतं, वरच्या ओळी बघून ते नेहमी ओळखता येत नाही.

इथे अख्खं इंडेंट बंद करायची गरज नाही. यादीतून ती दोन अक्षरं काढा. होम फोल्डरमधल्या .विम या फोल्डरात आफ्टर, त्यात इंडेंट, त्यात यामल.विम अशी फाइल करा आणि तिच्यात दोन ओळी लिहा:

सेटलोकल इंडेंटकीज-=<:>
सेटलोकल इंडेंटकीज-=0#

जागा काटेकोर पाळा. अनेक जण हे आफ्टर/एफटीप्लगइन या, भाषेप्रमाणे लागणाऱ्या बाकी सेटिंगांच्या, फोल्डरात लिहितात आणि ते चालत नाही, कारण विम एफटीप्लगइनच्या सगळ्या फाइली, आफ्टरमधल्यासुद्धा, आधी वाचतो आणि इंडेंटच्या फाइली नंतर. तुम्ही काढलेलं अक्षर मग यामलची मूळ इंडेंट फाइल पुन्हा भरते. ऑटोकमांड (ठरावीक घटना घडली की आपोआप चालणारी आज्ञा) वापरायची असेल तर तीही विमआरसीत «फाइलटाइप प्लगइन इंडेंट ऑन» या ओळीच्या खालीच हवी, कारण ऑटोकमांड लिहिल्या त्याच क्रमाने चालतात.

एखाद्या भाषेचं फंक्शन पूर्णच नको असेल, तर .विम/इंडेंट/यामल.विम या फाइलीत (इथे आफ्टर नाही) एकच ओळ लिहा: लेट बी:डिड_इंडेंट = 1. विमची मूळ फाइल ही खूण पाहून काही न करता परत जाते. सगळ्याच भाषांचं बंद करायचं तर विमआरसीत «फाइलटाइप इंडेंट ऑफ» आणि त्याखाली «सेट नोऑटोइंडेंट नोस्मार्टइंडेंट नोसीइंडेंट». हा बदल आधीच उघडलेल्या फाइलींना लागू होत नाही, त्यांच्यात «:सेटलोकल इंडेंटएक्सप्र=» असं बरोबरच्या चिन्हापुढे काही न लिहिता द्यावं लागतं.

पायथनमध्ये उघड्या कंसानंतर विम दोन पायऱ्या, म्हणजे आठ स्पेस आत जातो, ही तक्रारही बरेच जण करतात. त्यासाठीही बंद करणं नको. विमआरसीत लेट जी:पायथन_इंडेंट = {} आणि त्याखाली लेट जी:पायथन_इंडेंट.ओपन_पॅरेन = 'शिफ्टविड्थ()' लिहिलं की एकच पायरी पडते.

इंडेंट वाटतं, पण नसतं

कॉमेंटच्या ओळीवर एंटर दाबला की पुढच्या ओळीवर पुन्हा # येतं. हे इंडेंट नाही. हे फॉरमॅटऑप्शन्समधल्या आर आणि ओ या दोन अक्षरांचं काम. बहुतेक भाषांच्या एफटीप्लगइन फाइली हे सेटिंग बदलतात, म्हणून विमआरसीत नुसतं लिहून ते टिकत नाही. फाइलटाइप लागल्यावर चालणाऱ्या ऑटोकमांडमध्ये «सेटलोकल फॉरमॅटऑप्शन्स-=आर फॉरमॅटऑप्शन्स-=ओ» असं लिहा. दोन्ही अक्षरं एकदम वजा करू नका: ती यादीत शेजारीशेजारी नसतील तर काहीच निघत नाही, आणि विम तक्रारही करत नाही.

दुसरा घोटाळा विमआरसी नव्याने तयार केल्यावर होतो. विम ८ पासून, तुमची विमआरसी अजिबात नसेल तर तो स्वतःची डिफॉल्ट्स.विम फाइल वाचतो आणि त्यात भाषेप्रमाणे इंडेंट चालू असतं. तुम्ही एक ओळीची का होईना, विमआरसी तयार केलीत की ती डिफॉल्ट फाइल वाचली जात नाही आणि इंडेंट अचानक नाहीसं होतं. विमआरसीच्या पहिल्या ओळीत «सोर्स $विमरनटाइम/डिफॉल्ट्स.विम» लिहिलं की जुनी वागणूक परत येते, यात विमरनटाइम हा शब्द सगळा मोठ्या अक्षरांत. सर्व्हरवर फाइलटाइपची ओळ ई३१९ ही चूक देत असेल, तर तिथे विम-टायनी, म्हणजे विमची छाटलेली आवृत्ती आहे. त्यात स्क्रिप्ट चालवायची सोयच नाही, त्यामुळे इंडेंटएक्सप्रही नाही. तिथे ऑटोइंडेंटवर भागवा किंवा पूर्ण विम बसवून घ्या.

टॅब आणि स्पेस

इंडेंट किती पडेल आणि कशाचं पडेल, हे चार सेटिंग ठरवतात. टॅबस्टॉप म्हणजे फाइलीतला खरा टॅब किती रकाने रुंद दिसेल. मूळ किंमत ८. शिफ्टविड्थ म्हणजे इंडेंटची एक पायरी. सॉफ्टटॅबस्टॉप म्हणजे टॅबची कळ दाबल्यावर कर्सर किती पुढे जाईल. एक्सपांडटॅब म्हणजे टॅबऐवजी स्पेसच घालायच्या.

यातली तीन लावून चौथं विसरलं की काय होतं ते बघा. टॅबस्टॉप ८, शिफ्टविड्थ ४, सॉफ्टटॅबस्टॉप ४, आणि एक्सपांडटॅब लावलेलं नाही. पहिली पायरी: चार स्पेस पडतात. दुसरी पायरी: आठ रकाने झाले, म्हणून विम त्या स्पेस काढतो आणि एक खरा टॅब ठेवतो. तिसरी: एक टॅब आणि चार स्पेस. तुमच्या पडद्यावर सगळं सरळ दिसतं. सहकाऱ्याच्या एडिटरमध्ये टॅब चार रकान्यांचा असेल, तर पहिली आणि दुसरी पायरी एकाखाली एक येतात. आणि पायथन ३ अशी फाइल घेतच नाही, कारण चार स्पेस मोठ्या की एक टॅब मोठा, हे टॅबची रुंदी मानल्याशिवाय ठरत नाही.

म्हणून पायथनसाठी शिफ्टविड्थ ४, सॉफ्टटॅबस्टॉप -१ आणि एक्सपांडटॅब. उणे एक म्हणजे शिफ्टविड्थ असेल तेवढंच, त्यामुळे पुढे एकच आकडा बदलावा लागतो. टॅबस्टॉप ८ च राहू द्या. फाइलीत चुकून खरा टॅब शिरला तर तो आठ रकाने घेतो आणि लगेच डोळ्यांत भरतो. बिघडलेली फाइल असेल तर «:सेट लिस्ट» देऊन टॅब डोळ्यांनी बघा, एक्सपांडटॅब लावा आणि «:रीटॅब» द्या. रीटॅब स्ट्रिंगच्या आतले टॅबही बदलतं, म्हणून नंतर गिटमध्ये फरक एकदा तपासा. त्यापुढे उद्गारचिन्ह लावायचं नाही: एक्सपांडटॅब बंद असेल तर ते स्पेसचेही टॅब करतं.

एक्सपांडटॅब डोळे झाकून सगळ्या फाइलींवर लादू नका. मेकफाइलमध्ये कृतीच्या ओळीला सुरुवातीला खरा टॅबच लागतो, स्पेस दिल्या तर मेक «मिसिंग सेपरेटर» म्हणून थांबतं. विमची मेकसाठीची एफटीप्लगइन फाइल एक्सपांडटॅब आपोआप काढते, पण तुम्ही प्रत्येक फाइल उघडताना चालणारी ऑटोकमांड लिहिली असेल तर ती ही काळजी मोडून काढते. एखादाच खरा टॅब हवा असेल तर इन्सर्टमध्ये कंट्रोल-व्ही आणि मग टॅब. गोमध्ये गोएफएमटी टॅबच घालतं. यामलमध्ये उलट, इंडेंटसाठी टॅब निषिद्धच आहे.

हाताने सावरायच्या कळा

आपोआप पडलेलं इंडेंट एखाद्याच ओळीला नको असतं, त्यासाठी सेटिंग बदलू नका. इन्सर्टमध्येच कंट्रोल-टी एक पायरी आत आणि कंट्रोल-डी एक पायरी बाहेर नेतं, कर्सर ओळीत कुठेही असला तरी. आधी ० आणि लगेच कंट्रोल-डी दिलं तर सगळं इंडेंट जातं. आधी ^ आणि मग कंट्रोल-डी दिलं तर ते या ओळीपुरतंच जातं आणि पुढच्या ओळीला परत मिळतं. नॉर्मल मोडमध्ये >> आणि <<, आणि टिंबाने तीच कृती पुन्हा. दुसरीकडून आलेला तीन स्पेसचा कोड असेल तर «सेट शिफ्टराउंड» लावून ठेवा, मग >> नेहमी पायरीच्या पटीतच थांबतं.

व्हीएस कोड वापरत असाल तर

तिथे टर्मिनलमधली घसरण नाही, पण गोंधळ वेगळा आहे. एडिटर.ऑटोइंडेंट या सेटिंगला पाच किमती आहेत: नन, कीप, ब्रॅकेट्स, अ‍ॅडव्हान्स्ड आणि फुल. कीप म्हणजे साधारण विमचं ऑटोइंडेंट, म्हणजे आधीच्या ओळीची नक्कल. पायथन किंवा यामलमध्ये फुल फार लुडबुड करतं असं वाटलं, तर सेटिंगच्या फाइलीत त्या भाषेच्या चौकटी कंसाखाली तेवढ्यापुरतं कीप लावा. पेस्ट करताना कोड बदलत असेल तर एडिटर.फॉरमॅटऑनपेस्ट तपासा.

«टॅबसाइझ ४ लावलं तरी २ च पडतात» या तक्रारीमागे बहुतेक वेळा एडिटर.डिटेक्टइंडेंटेशन असतं. ते मुळात चालू असतं, फाइल उघडताना तिच्यातलं इंडेंट ओळखतं, आणि तुमच्या टॅबसाइझ आणि इन्सर्टस्पेसेसपेक्षा त्याचं म्हणणं वरचढ ठरतं. दुसऱ्यांच्या प्रोजेक्टवर काम करताना ते चालू असलेलंच बरं. आत्ता काय धरलं आहे ते खालच्या पट्टीत उजवीकडे दिसतं, आणि तिथेच क्लिक करून त्या फाइलपुरतं बदलता येतं.

दोन-तीन एडिटर वापरणारी माणसं एकाच प्रोजेक्टवर असतील तर आकडे प्रत्येकाच्या सेटिंगमध्ये न ठेवता प्रोजेक्टच्या मुळाशी .एडिटरकॉन्फिग या फाइलीत ठेवा: इंडेंट_स्टाइल, इंडेंट_साइझ, आणि मेकफाइलसाठी वेगळा विभाग करून तिथे टॅब. निओविम ०.९ पासून ती आपोआप वाचतो. विम ९.१ सोबत पॅकेज येतं, ते विमआरसीत «पॅकअ‍ॅड! एडिटरकॉन्फिग» लिहून चालू करावं लागतं, आणि व्हीएस कोडला त्यासाठी एक्स्टेन्शन लागतं. ही फाइल पायरी किती आणि कशाची एवढंच ठरवते. पेस्टची घसरण, # ची उडी किंवा यामलचा कोलन तिच्याने सुटत नाही.